बँकेत न गेलेले चेक तुमचं उत्पन्न नव्हे: अमेरिकेतील मराठी उद्योजकांना खुलं पत्र

प्रति,
अमेरिकेत धंदा करणारे मराठी उद्योजक, त्यांचे हिशेब भारतातून सांभाळणारे अकाउंटंट आणि इथल्या महाराष्ट्र मंडळांचे खजिनदार यांस

सप्रेम नमस्कार.

तुमच्या बँक रिकन्सिलिएशनच्या (पुस्तकं आणि बँक स्टेटमेंट जुळवण्याच्या कामाच्या) शेवटी 'आउटस्टँडिंग चेक्स', म्हणजे दिलेले पण न वटलेले चेक, अशी एक यादी असते. तिच्यात सहा महिने, वर्ष, तीन वर्षं जुने चेक दर महिन्याला तसेच पुढे सरकत राहतात. एखाद्या कन्सल्टंटचा शेवटचा पगार, सप्लायरचं बिल, रद्द झालेल्या ऑर्डरचा परतावा. मग एखाद्या डिसेंबरात 'पुस्तकं साफ करा' असं ठरतं, चेक व्हॉइड, म्हणजे रद्द, होतात आणि रक्कम 'इतर उत्पन्ना'त जाते. ही एक नोंद तुमच्या पुस्तकांतून कायमची बंद व्हावी, यासाठी हे पत्र आहे.

ही सवय कुठून येते ते आम्ही जाणतो. आपल्यापैकी अनेकांचा जमाखर्च पुण्यात किंवा नाशिकमध्ये लिहिला जातो, आणि भारतात ही पद्धत रूढ आहे. वसुलीची तीन वर्षांची मुदत उलटली, की जुनं देणं 'सन्ड्री बॅलन्सेस रिटन बॅक' म्हणून उत्पन्नात घ्यायचं, त्यावर कर भरायचा आणि विषय मिटवायचा. भारतातही कंपनीचा न घेतलेला लाभांश सात वर्षांनी आयईपीएफ या सरकारी निधीकडे जातो आणि बँकेतली पडून राहिलेली ठेव दहा वर्षांनी रिझर्व्ह बँकेच्या निधीत. पण छोट्या कंपनीनं सप्लायरला दिलेल्या आणि त्यानं न भरलेल्या चेकला ते नियम लागत नाहीत. अमेरिकेत मात्र अशा चेकलाही नियम लागतो. पन्नासही राज्यांत आणि वॉशिंग्टन डीसीत 'अनक्लेम्ड प्रॉपर्टी'चा कायदा आहे आणि त्याचं सूत्र सरळ आहे: पैसा ज्याचा त्याचाच राहतो, तुम्ही फक्त तो सांभाळणारे, म्हणजे 'होल्डर'. ठरावीक मुदतीत मालकानं तो घेतला नाही, तर तुम्ही तो राज्याकडे द्यायचा. राज्य मालकाच्या नावावर तो ठेवतं, आणि बहुतेक राज्यांत मालक किंवा त्याचे वारस कितीही वर्षांनी येऊन तो मागू शकतात.

चेक जुना झाला म्हणून देणं फिटत नाही. सहा महिन्यांपेक्षा जुना चेक बँक नाकारू शकते, पण तो बँकेचा अधिकार आहे, तुमची सुटका नव्हे. कंपनी लहान आहे, एकट्याची एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) आहे, नफ्यासाठी नाही, यानं फरक पडत नाही. किमान उलाढालीची अटही सहसा नसते.

आता पहिला प्रश्न: कोणत्या राज्याला द्यायचं? इथं सर्वात जास्त गोंधळ होतो. 'आमची कंपनी डेलावेअरची आहे, सगळं डेलावेअरला,' असं काही जण म्हणतात. 'डेलावेअरमध्ये आमचं ऑफिससुद्धा नाही, आम्हाला त्यांच्याशी काय देणंघेणं,' असं दुसरे म्हणतात. दोघंही चुकतात. १९६५ साली टेक्सस विरुद्ध न्यू जर्सी या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं क्रम घालून दिला. तुमच्या पुस्तकांत मालकाचा शेवटचा ज्ञात पत्ता ज्या राज्यातला, त्या राज्याचा पहिला हक्क. पत्ता नसेल, किंवा त्या राज्याच्या कायद्यात अशा रकमेची तरतूद नसेल, तर कंपनी जिथं नोंदलेली आहे त्या राज्याचा. धंदा कुठं चालतो, चेक कुठून निघाला, याचा इथं संबंध नाही.

म्हणजे सगळा खेळ पत्त्याचा आहे, आणि आपल्या पुस्तकांत नेमका तोच नसतो. क्विकबुक्स या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हेंडर उघडताना नाव आणि ईमेल टाकून पुढे जाण्याची सवय सार्वत्रिक आहे. एडिसनमधल्या सप्लायरचा पत्ता तुमच्याकडे नसेल, तर न्यू जर्सीचा हक्क बाजूला पडतो आणि, कंपनी डेलावेअरची असेल तर, ती रक्कम डेलावेअरकडे जाते. एडिसनचा तो माणूस न्यू जर्सीच्या यादीत स्वतःचं नाव शोधत बसतो आणि त्याला काहीच सापडत नाही. डब्ल्यू-९ (नाव, पत्ता आणि कर क्रमांकाचा फॉर्म) हाती आल्याशिवाय पहिलं पेमेंट सोडायचं नाही, हा नियम केला तर हा प्रश्न बराचसा सुटतो. जुना पत्ता बदलताना आधीचा पुसू नका, नोंदीत ठेवा.

आयटी स्टाफिंगच्या कंपन्यांना इथं एक खास अडचण येते. एच-१बीवर आलेला माणूस प्रोजेक्ट संपल्यावर भारतात परत जातो, जाण्याआधी इथलं बँक खातं बंद करतो आणि शेवटचा पगार दोन आठवड्यांनी निघतो. डायरेक्ट डिपॉझिट आर-०२ या कोडनं, म्हणजे 'खातं बंद' म्हणून, परत येतं. बँक स्टेटमेंटवर ती रक्कम साध्या जमेसारखी दिसते. हिशेब लिहिणारा ती क्लायंटकडून आलेले पैसे समजतो, किंवा तपशील न बघता उत्पन्नात टाकतो. इथं एका माणसाचा कष्टाचा पगार कंपनीच्या नफ्यात मिसळला, आणि आउटस्टँडिंग चेकच्या यादीतही तो दिसणार नाही, कारण चेक निघालाच नव्हता. म्हणून एसीएच रिटर्नसाठी, म्हणजे अशा परत आलेल्या डायरेक्ट डिपॉझिटसाठी, वेगळं खातं उघडा आणि ते दर महिन्याला शून्यावर आणा.

अशा माणसाचा पत्ता कोणता धरायचा? त्यानं शेवटचा कळवलेला आणि तुमच्या नोंदीत असलेला. तो जर्सी सिटीचा असेल तर न्यू जर्सी. जाताना त्यानं कोथरूडचा पत्ता कळवला असेल, तर पत्ता परदेशातला ठरतो, आणि डेलावेअरसह बऱ्याच राज्यांचे कायदे अशी रक्कम कंपनीच्या नोंदणीच्या राज्याकडे वळवतात. पण खरं सांगायचं तर ही वेळ येऊच देऊ नये. तो माणूस हरवलेला नाही. त्याचा व्हॉट्सॲप नंबर तुमच्या एचआरकडे आहे. भारतात डॉलरचा चेक वटवणं कटकटीचं असतं, तेव्हा ओळख पटवून त्याच्या भारतातल्या खात्यात वायर करा. वायरचा खर्च तुम्ही सोसा. राज्याकडे पैसे पाठवणं हा शेवटचा उपाय आहे.

मुदतीकडे येऊ. ती राज्यागणिक आणि रकमेच्या प्रकारागणिक बदलते, म्हणून एकच चेक घेऊन दाखवतो. समजा, १४ मार्च २०२४ चा पगाराचा चेक भरला गेला नाही. मालकाचा पत्ता न्यू जर्सीचा असेल, तर पगाराची मुदत एक वर्ष, म्हणजे १४ मार्च २०२५. न्यू जर्सीची कट-ऑफ तारीख, म्हणजे राज्याला द्यायच्या वार्षिक अहवालासाठी मुदत पुरी व्हायची शेवटची तारीख, ३० जून, तेव्हा तो त्या वर्षीच्या अहवालात बसतो आणि अहवाल पैशासकट १ नोव्हेंबर २०२५ पर्यंत जायला हवा. पत्ता न्यूयॉर्कचा असेल, तर मुदत तीन वर्षं, कट-ऑफ ३१ डिसेंबर, आणि साध्या कंपनीसाठी अहवालाची तारीख १० मार्च. म्हणजे हाच चेक १० मार्च २०२८ पर्यंत. डेलावेअरचा पत्ता असेल तर पाच वर्षं, आणि अहवाल १ मार्च २०३० ला. एकाच पगारपत्रकातले तीन चेक तीन वेगवेगळ्या वर्षी देय होतात. टेक्सस आणि मिशिगनची तारीख १ जुलै, पेनसिल्व्हेनियाची १५ एप्रिल. उरलेल्या बहुतेक राज्यांची १ नोव्हेंबर. सप्लायरचे चेक आणि ग्राहकांच्या क्रेडिट शिलकीला (त्यांनी भरलेल्या जास्तीच्या पैशांना) बऱ्याच ठिकाणी तीन वर्षं, काही ठिकाणी पाच.

कॅलिफोर्निया सर्वांपेक्षा वेगळं आहे आणि तिथं जवळजवळ प्रत्येक नवा होल्डर एकदा तरी अडखळतो. तिथं दोन टप्पे आहेत. १ नोव्हेंबरच्या आत फक्त 'नोटिस रिपोर्ट' द्यायचा, पैसे नाहीत. मग राज्य स्वतः मालकांना पत्रं पाठवतं. ती पत्रं वाचून कोणी तुमच्याकडे आला तर त्याला तुम्ही थेट पैसे द्यायचे आणि त्याचं नाव वगळायचं. उरलेल्यांचा 'रेमिट रिपोर्ट' पैशासकट पुढच्या वर्षी १ ते १५ जूनच्या दरम्यान. नोव्हेंबरातच पैसे पाठवून मोकळं व्हावं असा मोह होतो. तसं केलं की मधला टप्पा वाया जातो आणि मालकाला तुमच्याकडून सहज मिळाले असते ते पैसे त्याला राज्याकडे अर्ज करून मिळवावे लागतात. दुसरी चूक उलटी: नोटिस रिपोर्ट दिला म्हणजे काम झालं असं समजून जून विसरणं. उशिरा दिलेल्या रकमेवर कॅलिफोर्निया वर्षाला १२ टक्के व्याज लावतं. शिवाय तिथल्या कंपनी कराच्या विवरणपत्रातच आता विचारतात, की तुम्ही रेमिट रिपोर्ट यापूर्वी कधी दिला होता का. त्या रकान्यात तुमचा टॅक्सवाला काय लिहितो ते एकदा तपासा.

अहवालाआधी मालकाला पत्र पाठवणं बंधनकारक आहे. याला 'ड्यू डिलिजन्स लेटर' म्हणतात, आणि आमच्या मते सगळ्या कायद्यातला सर्वात उपयोगी भाग हाच आहे, कारण नीट लिहिलेल्या पत्रावर पैसे खरोखर मालकाकडे जातात. बऱ्याच राज्यांत ५० डॉलर किंवा त्याहून जास्त रकमेसाठी, अहवालाच्या १२० ते ६० दिवस आधी हे पत्र जायला हवं. १ नोव्हेंबरचा अहवाल असेल तर ४ जुलै ते २ सप्टेंबर. कॅलिफोर्नियात सहा ते बारा महिने आधी. न्यूयॉर्कला किमान ९० दिवस आधी पहिलं पत्र, आणि १,००० डॉलरच्या वरच्या रकमेसाठी किमान ६० दिवस आधी सर्टिफाइड मेलनं दुसरं. ऑक्टोबरात जागं होऊन हे होत नाही.

पत्रात रक्कम, चेकचा क्रमांक आणि तारीख, कशाबद्दलचे पैसे, आणि कोणत्या तारखेपर्यंत उत्तर आलं नाही तर कोणत्या राज्याकडे जातील हे लिहा. खाली सही करून परत पाठवायचा भाग ठेवा. हल्ली अशी पत्रं लोकांना फसवणुकीची वाटतात, म्हणून कंपनीच्या लेटरहेडवर पाठवा, तुमच्या ऑफिसचा नेहमीचा फोन द्या, बँकेचे तपशील मागू नका. पत्र परत आलं तर पाकिटासकट जपून ठेवा. मालकानं फोन केला तर तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव लगेच लिहून ठेवा. मालकानं रकमेत रस दाखवल्याची लेखी नोंद असेल, तर बऱ्याच राज्यांत मुदत तिथून नव्यानं मोजतात.

आता जमाखर्चाची बाजू. पगाराचा जुना चेक पेरोल सॉफ्टवेअरमध्ये कधीही व्हॉइड करू नका. व्हॉइड केलात तर त्या चेकवरची करकपात उलटते, त्या तिमाहीचा फॉर्म ९४१ (पगारावरच्या कराचं विवरण) जुळत नाही, आणि त्या माणसाचा डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचा आणि करकपातीचा दाखला) चुकीचा ठरतो. कर आधीच भरलेला आहे. राज्याकडे जाणारी रक्कम निव्वळ पगाराची आहे. बँकेकडे स्टॉप पेमेंट द्या, आणि आजच्या तारखेची जर्नल एंट्री करा: बँक नावे, 'अनक्लेम्ड प्रॉपर्टी देय' जमा. हे खातं देयतेचं असावं, उत्पन्नाचं नव्हे, आणि त्याच्या प्रत्येक ओळीला मालकाचं नाव, पत्ता, मूळ चेकची तारीख आणि क्रमांक जोडलेला असावा. पैसे राज्याकडे गेले की तेच खातं नावे. सहा महिन्यांहून जुना प्रत्येक चेक तिमाहीला या खात्यात हलवलात, तर आउटस्टँडिंग यादी आपोआप साफ राहते. पुस्तकं साफ करायची इच्छा रास्त आहे, मार्ग हा आहे.

पेरोल कंपनी हे सगळं बघते अशी अनेकांची समजूत आहे. चेक तुमच्या बँक खात्यावर काढलेले असतील तर जबाबदारी सहसा तुमचीच. पेरोल कंपनीच्या खात्यावर असतील तर करार काढा आणि त्यात अनक्लेम्ड प्रॉपर्टीचं कलम शोधा. काही करारांत जुनी रक्कम तुम्हाला परत पाठवून हात झटकलेले असतात.

व्हॉइड केलेला प्रत्येक चेक वाईट नसतो. चुकीच्या रकमेचा निघाला, दोनदा निघाला, टपालात हरवला म्हणून नवा दिला, ही खरी कारणं आहेत. पण पुरावा हवा: नव्या चेकचा क्रमांक, तो वटल्याचं स्टेटमेंट, बदललेलं बिल. चेक निघाल्यावर महिनाभरानं किंवा त्याहून उशिरा झालेली व्हॉइडची नोंद राज्याचे ऑडिटर आधी बाहेर काढतात. पुरावा नसेल तर ती रक्कम देय धरली जाते.

ग्राहकांच्या क्रेडिट शिलकीचंही तेच. एकाच इन्व्हॉइसचे दोनदा आलेले पैसे एआरमध्ये (ग्राहकांकडून येणं असलेल्या खात्यात) 'अनअप्लाइड' म्हणून वर्षानुवर्षं पडून असतात. डॉक्टर आणि डेंटिस्ट मंडळींच्या दवाखान्यांत हे फार दिसतं: इन्शुरन्सनंही दिले, पेशंटनंही दिले. जास्तीचे कोणाचे हे आधी ठरवा, मग मुदत मोजा. मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याचे जास्तीचे पैसे असतील तर तिथं हा कायदा नव्हे, साठ दिवसांत परत करण्याचा संघराज्याचा नियम लागतो. ओहायोसारख्या काही राज्यांत एका धंद्यानं दुसऱ्या धंद्याला द्यायच्या रकमांना सूट आहे. न्यूयॉर्क आणि डेलावेअरमध्ये नाही. सूट गृहीत धरू नका.

अहवालाची फाइल नाउपा नावाच्या ठरलेल्या स्वरूपात जाते, आणि ती बनवणारी मोफत सॉफ्टवेअर राज्यांच्या संकेतस्थळांवर दिलेली असतात. पगाराला एमएस०१, सप्लायरच्या देण्याला एमएस०८, ग्राहकांच्या क्रेडिटला एमएस०९ असे कोड असतात. कोड चुकला की मुदतही चुकीची धरली जाते आणि फाइल परत येते. ५० डॉलरखालच्या रकमा काही राज्यांत नावांशिवाय एकत्र देता येतात, पण तुमच्याकडे नावं ठेवा. अहवालाचे कागद दहा वर्षं जपा; डेलावेअरसह बऱ्याच राज्यांचा तसा नियम आहे. आणि देण्यासारखं काही नसेल तरी शून्याचा अहवाल लागतो का, हे प्रत्येक राज्याचं तपासा.

ज्यांनी आजवर एकही अहवाल दिलेला नाही त्यांना आमचं सांगणं: घाबरून गप्प बसू नका आणि एकदम चालू वर्षाचा अहवाल पाठवून मागचं झाकायचा प्रयत्नही करू नका. अहवालच दिला नसेल, तर बऱ्याच राज्यांत कालमर्यादेचं घड्याळ सुरूच होत नाही. स्वतःहून पुढे येणाऱ्यांसाठी बहुतेक राज्यांत योजना आहेत. डेलावेअरची 'व्हीडीए' योजना सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयाकडून चालते. तिच्यात व्याज आणि दंड माफ होतो. कॅलिफोर्नियानं २०२२ च्या कायद्यानं अशीच योजना आणली, तिच्यात व्याज माफ होतं. डेलावेअर ऑडिट सुरू करण्याआधी आपल्या व्हीडीए योजनेचं निमंत्रणपत्र पाठवतं आणि उत्तराला ९० दिवस देतं. ते पत्र अनेकदा रजिस्टर्ड एजंटकडे (कंपनीची सरकारी पत्रं घ्यायला नेमलेल्या प्रतिनिधीकडे) किंवा कंपनीच्या जुन्या पत्त्यावर जातं आणि जाहिरातीचं समजून फेकलं जातं. मुदत गेली की योजनेचं दार बंद आणि ऑडिट सुरू.

ऑडिटमध्ये काय होतं ते नीट समजून घ्या. ज्या वर्षांचे कागद नाहीत त्या वर्षांसाठी अंदाज बांधतात. समजा, कागद असलेल्या वर्षांत देय रक्कम उलाढालीच्या ०.०२ टक्के निघाली, आणि कागद नसलेल्या सात वर्षांत उलाढाल दरवर्षी एक कोटी डॉलर होती. वर्षाला २,००० प्रमाणे १४,००० डॉलर. या रकमेला मालकाचं नाव नसतं, त्यामुळे ती सगळी नोंदणीच्या राज्याला जाते आणि कुणालाही परत मिळत नाही. टेम्पल-इनलँड या कंपनीच्या खटल्यात २०१६ मध्ये संघराज्याच्या न्यायालयानं डेलावेअरच्या अंदाज बांधण्याच्या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले, पुढच्याच वर्षी तिथला कायदा बदलला आणि मागे जाण्याची मर्यादा दहा अहवाल-वर्षं अधिक मुदतीची वर्षं इतकी ठरली. पण अंदाज बांधणं बंद झालेलं नाही. त्यावर उत्तर एकच, कागद.

मंडळांच्या खजिनदारांनाही हे सांगायला हवं. रद्द झालेल्या नाटकाच्या तिकिटांचे परताव्याचे चेक, हॉल सजवणाऱ्याचं बिल, कलाकाराचं न घेतलेलं मानधन ही देणीच आहेत. कार्यकारिणी बदलली की जुनी यादी नव्या खजिनदाराकडे येत नाही आणि शिल्लक 'देणगी' म्हणून जमा होते. देणाऱ्यानं लेखी कळवलं असेल तरच ती देणगी. हस्तांतराच्या कागदांत आउटस्टँडिंग चेकची यादी, नावं आणि पत्त्यांसकट, जोडायचा ठराव पुढच्या वार्षिक सभेत करून घ्या.

पुण्यातल्या तुमच्या हिशेबनिसाला आज एक ईमेल पाठवा: 'इतर उत्पन्न' आणि 'राइट-ऑफ' या खात्यांचं मागच्या दहा वर्षांचं लेजर काढा, त्यात जुना चेक किंवा क्रेडिट शिल्लक उलटवलेली प्रत्येक ओळ वेगळी करा, आणि तिच्यासमोर मूळ मालकाचं नाव, पत्ता, तारीख लिहा. ही यादी तयार असेल तर व्हीडीएचं अर्धं काम झालं. यादीतल्या ज्या लोकांशी तुमचा आजही संपर्क आहे त्यांचे पैसे त्यांना आधी देऊन टाका. राज्याकडे फक्त उरलेल्यांचे जातील. आणि तुमच्या स्वतःच्या कंपनीचं नावही प्रत्येक संबंधित राज्याच्या यादीत शोधा, जुन्या नावांनी आणि जुन्या पत्त्यांनी सुद्धा. शोध फुकट असतो आणि तुमच्या क्लायंटनी पाठवलेले, तुमच्यापर्यंत न पोहोचलेले चेक तिथं असू शकतात.

आपले,
न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि डेलावेअरमध्ये छोट्या धंद्यांचे हिशेब पाहणारे काही मराठी अकाउंटंट